चव्वेचाळिसावी जबानी

बंदराच्या कचेरीत वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथेच, कारकुनाची खोली होती. खोलीला एकच खिडकी. खाऱ्या हवेने तिची चौकट अशी फुगून बसली होती, की गेली नऊ वर्षं ती उघडलेली नव्हती. काचेवर मिठाचा थर चढलेला, त्यामुळे धक्क्यावरची जहाजं पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. कारकुनाला त्याचं काही वाटत नसे. चौतीस वर्षं तो बुडालेल्या जहाजांच्या चौकशीत जबान्या लिहीत आला होता. आधी शिडाची जहाजं खडकावर फुटायची, मग वाफेची आली आणि त्यांचे बॉयलर फुटायला लागले. लिहायचं काम तेच राहिलं. निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि त्याला आता समुद्राचा, समुद्रावरून आलेल्या माणसांचा, त्यांच्या थरथरत्या आवाजांचा मनस्वी कंटाळा आला होता. स्वतः तो जन्मात कधी जहाजावर चढला नव्हता. साध्या होडीत बसलं तरी त्याला मळमळायचं.

या खेपेची आगबोट धुक्यात सापडली होती. भर दुपारी तीन वाजता, किनारा दोन मैलांवर असताना, ती खडकावर चढली आणि पाऊण तासात दिसेनाशी झाली. प्रवाशांच्या आणि खलाशांच्या यादीत मिळून एकशे चार नावं होती. त्रेचाळीस वाचले, एकसष्ट गेले. मृतांची यादी मोहोर लावून वर पाठवून झाली होती. आता वाचलेल्यांच्या जबान्या चालू होत्या, रोज चार.

पहिल्या दिवशी भट्टीवर कोळसा मारणारा एक जण आला. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. कारकुनाने ठरलेले प्रश्न विचारले : नाव, वय, धंदा, राहणार कुठले. छापील कागदावर एवढेच चार प्रश्न होते. पाचवा त्याचा स्वतःचा. बऱ्याच वर्षांपूर्वी सहज म्हणून विचारला आणि जिभेला वळण पडलं.

"पोहता येतं का?"

"किती वेळा सांगू?" भट्टीवाला वैतागून म्हणाला. "नाही येत. तेव्हाच सांगितलं की."

"कधी?"

"आगबोटीवर. होडीत उतरायच्या आधी. तुम्हीच तर..." तो थांबला, कारकुनाकडे नीट बघितलं आणि पट्टी बांधलेल्या हाताने डोळे चोळले. "दुसरं कुणी असेल. वाफ फार होती."

पलीकडच्या मोठ्या टेबलाशी चौकशीचे साहेब बसत. जेवणानंतर त्यांची मान हळूहळू कागदाकडे झुकत जायची आणि वाचतायत की पेंगतायत ते कळायचं नाही. त्यांनी काही विचारलं नाही. कारकुनानेही ते लिहिलं नाही. घाबरलेली माणसं काय वाटेल ते बरळतात. जबानी सुटसुटीत असावी.

तिसऱ्या दिवशी शिडं शिवणारा म्हातारा खलाशी आला. आगबोटीवर अजून दोन डोलकाठ्या ठेवल्या होत्या म्हणून त्याची नोकरी टिकली होती. हा माणूस शांत होता. पोहण्याचा प्रश्न आला तसा हसला.

"तोच प्रश्न! तुमच्या खात्यात शिकवतात वाटतं?"

"म्हणजे?"

"शिडीपाशी एक जण टेबल टाकून बसला होता ना. पाणी घोट्याला लागलेलं, लोक एकमेकांच्या अंगावर पडतायत, आणि हा आपला खाली मान घालून लिहितोय. नाव, वय, धंदा, गाव, पोहता येतं का. मला वाटलं, कंपनीचा माणूस."

"कंपनीचा लेखनिक मागच्या होडीत होता," कारकून म्हणाला.

"त्याला ओळखतो हो मी. हा वेगळा. कागद असा धरायचा, डाव्या हाताने, करंगळी वर ठेवून." म्हाताऱ्याने करून दाखवलं. मग त्याची नजर टेबलावरच्या कारकुनाच्या हाताकडे गेली आणि त्याने आपला हात खाली घेतला.

कारकुनाची डावी करंगळी लहानपणी दारात चेमटली होती. तेव्हापासून ती वाकत नसे.

"आणि कसंय," उठता उठता म्हातारा हळूच म्हणाला, "त्याने कुणाला अडवलं नाही, कुणाला ढकललं नाही. पण ज्याचं नाव लिहून झालं त्याला होडीत जागा मिळत गेली. एवढं खरं."

तेही कारकुनाने लिहिलं नाही.

त्यानंतर रोज एक तरी असा निघायचा. कुणी आत येताच ओळखीचं हसायचं. एका सुईणीने त्याचा हात धरून डोळ्यांना लावला आणि मग खुर्चीत बसली. एका शाळामास्तरांनी खोलीत पाऊल टाकलं, त्याला बघितलं, आणि पूर्ण जबानीभर खिडकीकडे तोंड करून बोलत राहिले. कारकून मान वर न करता लिहायचा. पाचवा प्रश्न विचारायचं त्याने सोडून दिलं. तरी माणसं आपण होऊन सांगायची, "आणि पोहता येत नाही."

आठव्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर तो बराच वेळ बूट न काढता बसून राहिला. घरात तो आणि थोरली विधवा बहीण, दोघंच. तो तिला अक्का म्हणायचा.

"अक्का, धुकं पडलं होतं त्या दिवशी मी घरीच होतो ना?"

"मग कुठे जाणार होतास? तापाने फणफणला होतास. दुपारभर झोपून होतास." ती उसवलेलं शिवत होती. टाका घालून तिने दोरा तोडला. "झोपून म्हणजे, बडबडत होतास. कचेरी डोक्यातून जाते कुठे तुझ्या! भिंतीकडे तोंड करून नावं विचारत होतास."

"किती जणांना?"

"आता मी काय मोजत बसले होते?" मग तिने शिवण मांडीवर ठेवली. "एक मात्र मला कळलं नाही. अंग भाजत होतं आणि पाय गारठलेले. चोळायला घेतले तर तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले. बादलीभर कपडे धुतल्यावर माझे हात होतात, तसे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?" अक्का म्हणाली. "सकाळी बरे झाले होते."

अकराव्या दिवशी शेवटच्या जबान्या होत्या. त्रेचाळिसावी एका बाईची. शिवणकाम करणारी, तिशीची, अंगावर दुसऱ्या कुणाचे तरी सैल कपडे. नवऱ्याला पलीकडच्या बंदरात काम लागलं होतं, त्याच्याकडे निघाली होती. ती खुर्चीत बसली आणि साहेबांकडे न बघता सरळ कारकुनाला म्हणाली,

"माझ्या मुलीचं नाव का नाही लिहिलंत?"

साहेबांनी मान वर केली.

"चार वर्षांची होती. ठकी म्हणायचो आम्ही. माझं नाव लिहून झालं तसं मी तिला पुढे केलं. म्हटलं, हिचंही घ्या. तुम्ही कागदाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, कागद संपला, बाई, उद्या या."

कारकुनाच्या हातातला टाक थांबला. ते वाक्य त्याचंच होतं. संध्याकाळी पाच वाजता जिन्यात कुणी उरलं असलं की गेली चौतीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. कधी कागद खरंच संपलेला असायचा. बहुतेक वेळा नसायचा.

"मला होडीत कुणीतरी ओढलं," बाई म्हणाली. "तिचा हात माझ्या हातात होता. मग नव्हता."

"बाई, शांत व्हा," साहेब म्हणाले. ते वाईट नव्हते. आवाजही मऊ होता. "हे शोकामुळे होतं. अहो, तेवढं गाळा. आणि बाई, यादीत अशी मुलगी नाही."

"पाच वर्षांखाली तिकीट लागत नाही. मग यादीत कुठून येणार? पण गेली ना ती? एकसष्ट नाहीत, बासष्ट लिहा."

"ती यादी मोहोर लावून गेली. कायद्याच्या हिशोबाने ती मुलगी आगबोटीवर नव्हतीच."

"नव्हतीच," बाई म्हणाली. एवढंच. अंगठा उठवून ती बाहेर गेली.

पाच वाजता साहेब गेले. कारकुनाने दौतीचं झाकण लावलं, कोट चढवला आणि दार ओढलं, तर ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती.

"कुठेही लिहा," ती म्हणाली. "मोठ्या यादीत नको. पण कुठेतरी लिहा, तुमच्याच हाताने. ती होती, एवढं राहू दे."

"बाई, मी त्या आगबोटीवर नव्हतो," कारकून म्हणाला. इतक्या दिवसांत तो हे पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होता, आणि ते त्याचं त्यालाच पटलं नाही. "मला ताप होता."

"असेल," ती म्हणाली. तिला त्याच्याशी वाद घालायचा नव्हता. तिच्यात तेवढी ताकदच उरली नव्हती, आणि त्याच्यातही नाही म्हणायची नव्हती. त्याने दार परत उघडलं.

मृतांची यादी गेलेली. जबान्यांवर सह्या झालेल्या. उघडी राहिली होती फक्त एक यादी : पट्टेवाला दारात उभा राहून साक्षीदारांचा पुकारा करायचा ती. त्रेचाळीस नावांखाली दोन बोटं जागा होती. त्याने दौत उघडली. त्याने विचारलं, तिने सांगितलं. नाव. वय, चार. धंद्याच्या जागी त्याने रेघ मारली. गाव. मग बाईनेच, न विचारता, "नाही येत पोहता," म्हटलं, आणि त्याने तेही लिहिलं.

शाई वाळेपर्यंत ती उभी होती. मग तिने त्या ओळीवरून एक बोट फिरवलं आणि निघून गेली. त्याच संध्याकाळच्या गाडीने ती नवऱ्याकडे गेल्याचं त्याला नंतर कळलं.

रात्री कारकुनाला किती तरी दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी काम असं काही नव्हतं. साहेब यायचे नव्हते. आकाश निरभ्र होतं, मिठाच्या काचेतूनही ऊन आत आलं होतं. तो जबान्यांचे गठ्ठे बांधत बसला होता. दहाच्या सुमाराला पट्टेवाला डोकावला.

"तुमची साक्षीदार आलीय."

"चौकशी कालच संपली."

"मलाही तसंच वाटलं. पण यादीत नाव राहिलं होतं, म्हणून सवयीने पुकारा केला, तर दाराबाहेरच्या बाकावर बसलेली दिसली." पट्टेवाल्याने मान खाजवली. "लहान आहे हो. बरोबर कुणी नाही. नाव विचारलं तर बोलत नाही. आणि ओलीचिंब आहे. बाहेर तर पाण्याचा टिपूस नाही."

कारकुनाच्या हातातली दोरी सुटली. गठ्ठा टेबलावर पसरला.

"टॉवेल आण," तो म्हणाला. "खालून, खलाशांच्या खोलीतून."

पट्टेवाल्याची पावलं जिना उतरून गेली. कारकून उठला. दारापर्यंत सहा पावलं होती.

बाकावर कुणी नव्हतं.

लाकडावर ओल होती, एका लहान अंगाच्या मापाची. बाकाच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. खाली फरशीवर एकमेकांपासून वीतभर अंतरावर दोन छोटी थारोळी साचली होती. बसल्यावर पाय जमिनीला पोचत नसतील, तर साचतील तशी.

त्याने जिन्याकडे बघितलं. जिना कोरडा होता. जिन्यापासून बाकापर्यंतची फरशीही कोरडी होती.

बाकापासून त्याच्या खोलीच्या दारापर्यंत मात्र पावलं उमटली होती. अनवाणी, लहान. ती त्याच्या बुटांना वळसा घालून आत गेली होती.

तो वळला.

साक्षीदाराची खुर्ची रिकामी होती. कुणीतरी ती टेबलाला अगदी चिकटवून घेतली होती. त्याला ओरडता आलं असतं, जिना उतरून पळता आलं असतं. पण तो फार दमलेला होता, आणि त्याच्या मनात आलं, हिला आता उद्या या म्हणायचं नाही.

तो आपल्या जागेवर जाऊन बसला. नवा कागद घेतला. टाक दौतीत बुडवला.

"नाव?" त्याने विचारलं.

टेबलाच्या पलीकडच्या कडेवर चार ओली बोटं उमटली. तो बघत असतानाच, थोड्या अंतरावर, दुसऱ्या हाताची उमटली.