एक कान मोकळा

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. कोणाच्या मैत्रिणीच्या चुलत जावेला आलेला अनुभव वगैरे नाही. माझ्याच घरात घडलंय.

आणि अजून घडतंय.

रात्र नव्हती. वारा सुटला नव्हता, कुत्री रडत नव्हती. मंगळवारची भर दुपार होती, बाहेर लख्ख ऊन होतं आणि घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

इंटरनेटवरच्या या पानावर लोक घाबरल्याच्या गोष्टी लिहितात. भीती मलाही वाटते, नाही असं नाही. पण त्याहून जास्त लाज वाटते. का, ते पुढे कळेलच.

वॉशिंग मशीनच्या एका कंपनीसाठी मी तक्रारींचे फोन घेते. घरूनच. बाहेरच्या खोलीत माझं टेबल, आतल्या खोलीत बाबांचा पलंग. मधलं दार कायम उघडं.

बाबा बसमध्ये कंडक्टर होते. अख्खी नोकरी घंटीची दोरी ओढण्यात गेली. पुढे पायातलं बळ गेलं, पलंगाला खिळले, पण कंडक्टरकी काही सुटली नाही. उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलेला असायचा. एकदा टिंग वाजलं की गाडी थांबवायची, म्हणजे मी हातातलं काम टाकून आत जायचं. टिंग टिंग अशी डबल बेल दिली की चला पुढे, काही नको.

मला ते 'ड्रायव्हर' म्हणायचे.

"ओ ड्रायव्हर, स्टॉप आला!" अशी हाळी द्यायचे. कधी पाणी हवं असायचं, कधी कूस बदलायची असायची. कधी नुसतंच, "काही नाही गं, ब्रेक लागतात का बघत होतो."

माझा मोठा भाऊ, दादा, दुसऱ्या गावी असतो. घरून काम सुरू झालं तेव्हा हेडसेट त्यानेच आणून दिला होता. एकाच कानाचा. तोंडासमोर माईकची दांडी, उजव्या कानावर गादी, डावा कान उघडा.

"एक कान कंपनीला, एक कान बाबांना," दादा म्हणाला होता. "लांबून मी दुसरं काय करणार? तेवढं सांभाळ बाई."

सांभाळलं मी. दोन वर्षं सांभाळलं.

मग कंटाळले. खोटं कशाला बोलू? उजव्या कानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या शिव्या आणि डाव्या कानात टिंग... टिंग... टिंग. झोपेतसुद्धा दचकून उठायचे. एकदा तर चिडून ओरडले, "बाबा, तुमची बस डेपोत लागली आता!" ते हसले. त्या दिवशी पुन्हा वाजवलं नाही त्यांनी.

एका रविवारी दुकानात गेले. दुकानदार भला माणूस. दोन खोकी समोर ठेवली आणि शाळेत शिकवावं तसं समजावून सांगितलं.

"कामालाच हवं असेल तर आहे तो हेडसेट बरा. तुमचं बोलणं स्वच्छ जातं आणि घरातलंही ऐकू येतं. गाणी ऐकायची असतील, शांतता हवी असेल, तर हे हेडफोन. दोन्ही कान झाकतात. हे बटण दाबलं की जग बंद. फक्त एक आहे... यांचा माईक आजूबाजूचे आवाज पकडतो. समोरच्याला ते ऐकू जातात, तुम्हाला मात्र नाही."

मी घालून बघितले. बटण दाबलं. डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण आवाज गेला. रस्ता गेला. सुखाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"घरात म्हातारं माणूस, लहान मूल आहे का कोणी?" त्याने विचारलं. "असेल तर कामाला हे नका वापरू हं."

"नाही," मी म्हटलं. "मी एकटीच असते."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. किती सहज बोलून गेले मी!

तीन आठवड्यांत ते खरं झालं.

दादाला काही सांगितलं नाही. त्याचा व्हिडिओ कॉल आला की हेडफोन खणात जायचे आणि जुना हेडसेट कानावर चढायचा. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी उठून आत डोकावायचे. मग अर्ध्या तासाने. मग आठवण झाली की.

त्या मंगळवारी एका गृहस्थांच्या मशीनमधून पाणी गळत होतं. मी नळी तपासायला सांगत होते. बोलता बोलता ते थांबले.

"मॅडम, तुमच्या मागे काहीतरी वाजतंय..."

मी नळीचंच विचारत राहिले.

"टिंग करून... परत वाजलं बघा. कोणी बोलावतंय का तुम्हाला?"

मला माहीत होतं. अगदी स्वच्छ माहीत होतं.

"माफ करा सर, टीव्ही चालू आहे," मी म्हटलं.

आणि म्यूट दाबलं. आमच्या कामात ही सवयच असते. घरात कुकर वाजला, मूल रडलं की म्यूट. आपल्याला बोलायचं असेल तेवढंच उघडायचं. त्या क्षणी बाबांची घंटी ऐकणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याचाही कान मी बंद केला.

चार वाजता चहा घेऊन आत गेले. मधल्या वेळेचं नंतर सांगते.

बाबा गेले होते.

पेला हातात घट्ट होता. चमचा खाली जमिनीवर.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. वेळेवर कळलं असतं तर? "तसं सांगता येत नाही," म्हणाले. या चार शब्दांवर मी आजही झोपायचा प्रयत्न करते.

संध्याकाळपर्यंत दादा-वहिनी पोहोचले. ते यायच्या आत हेडफोन कपाटात कपड्यांखाली गेले होते. दादाचा हेडसेट मी गळ्यात अडकवून ठेवला होता. बाप आत पडलेला आणि लेक हे उद्योग करत होती.

"वाजवला नाही का गं त्यांनी?" दादाने विचारलं.

"नाही रे. कॉल चालू होता, पण कान उघडाच होता. काहीच आवाज नाही आला."

वहिनीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुम्ही केलंत तेवढं कोण करतं हो?" म्हणाली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं मला.

पंधरा दिवसांनी कामावर बसले. हेडसेट घालून, डावा कान उघडा ठेवून. आता काय उपयोग होता त्याचा? पण हेडफोनला हात लावायची हिंमत नव्हती.

पहिल्याच दिवशी एक बाई बोलत होत्या. मधेच म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे कोणीतरी पेला वाजवतंय वाटतं..."



घड्याळ बघितलं. तीन चाळीस.

हेडसेट ओढून काढला. कान टवकारले. आतल्या खोलीत चिडीचूप. पलंग रिकामा, उशाशी पेला आणि पेल्यात चमचा.

दुसऱ्या दिवशी एक तरुण मुलगा. "मॅडम, दारावरची बेल वाजतेय का तुमच्या?"

तिसऱ्या दिवशी एक आजोबा. "बाळ, तू आधी जाऊन ये. मी थांबतो फोनवर."

रोज तीन चाळीस. रोज वेगळं माणूस.

मला मात्र काहीही ऐकू येत नव्हतं.

मग आमचे कॉल तपासणारी मुलगी आहे, तिचा फोन आला. "मॅडम, राग मानू नका, पण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये रोज एक घंटी येते. घरच्यांना जरा सांगा ना."

"कोणत्या घरच्यांना?" मी म्हटलं. "मी एकटीच असते."

बोलले आणि आठवलं. दुकानात बोलले होते तेच शब्द.

तिने रेकॉर्डिंग ऐकवलं. माझा आवाज आला. गिऱ्हाइकाचा आवाज आला. बाकी काही नाही.

"ही बघा, आत्ता वाजली!" ती म्हणाली.

"मला नाही ऐकू आली."

"असं काय करता मॅडम? इतकी स्पष्ट तर आहे!"

कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. कान ठणठणीत.

शेवटी एका सकाळी पेला आणि चमचा उचलला, चादरीत गुंडाळला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. त्या दुपारी एका बाईंशी बोलत होते. तीन चाळीस झाले. बाई काहीच बोलल्या नाहीत. हुश्श केलं...

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे बंद कपाटात काही वाजतंय का हो? आवाज दबका येतोय."

उठून कुलूप काढलं. चादर जशी गुंडाळली होती तशीच होती. पेल्याला हात लावला तर कोमट लागला. कपाटातल्या स्टीलच्या पेल्याने कोमट का असावं?

पेला परत उशाशी ठेवला. म्हटलं, "बाबा, चुकले."

त्या रविवारी दादाला फोन केला. मुद्दाम साडेतीनला. मनाशी ठरवलं होतं, आज सगळं ओकून टाकायचं.

"दादा, मी तुला खोटं सांगितलं. त्या दिवशी कान उघडा नव्हता."

दुकान सांगितलं. हेडफोन सांगितले. टीव्ही म्हणाले तेही सांगितलं. म्यूटही सांगितलं. मी रडत होते, नाक पुसत होते आणि डोळे घड्याळावर होते.

तीन चाळीस.

"थांब," दादा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "कोण आहे तिथे?"

"कोणी नाही."

"अगं, बाबांचा पेला वाजतोय! एक..."

मी फोन घेऊन आत गेले. पेला जागेवर. चमचा हलत नव्हता. मी डोळे फाडून बघत होते.

"परत एक," दादा म्हणाला. "थांबा म्हणतायत ते..."

"मी इथेच आहे, दादा. पलंगापाशीच उभी आहे. मला काहीच येत नाहीये!"

तीन पंचेचाळीस होत आले. मग त्याला हुंदका आला.

"डबल दिली," तो म्हणाला. "डबल बेल दिली त्यांनी. थांबलं आता."

मी पलंगावर बसले.

"म्हणजे त्या दिवशीही अशीच दिली असणार गं," दादा रडत म्हणाला. "आधी बोलावलं, मग म्हणाले असतील, राहू दे, पोरगी कामात आहे. कसे होते तुला माहीत आहे ना? उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. तू काय मजा मारत होतीस का? कामातच होतीस ना?"

मी म्हटलं, "हो."

म्हटलं की हो! तोंड उघडलं आणि तेच आलं.

त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपले. वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी तीन चाळीसला गिऱ्हाईक म्हणालं, "मॅडम, मागे टिंग वाजलं काहीतरी."

"एकदा की दोनदा?" मी विचारलं.

"एकदाच."

तेव्हापासून रोज एकदाच. डबल नाहीच.

का, ते मला सांगता येणार नाही. भूत आहे की आणखी काय, तेही ठाऊक नाही. पण दादाला मी अर्धंच सांगितलंय, एवढं मला ठाऊक आहे. उरलेलं अर्धं इथे लिहिते. दादा हे पान न चुकता वाचतो. तोंडाने बोलायला जीभ उचलत नाही म्हणून हा उपद्व्याप.

दादा, त्या दिवशी गळक्या मशीनचा कॉल तीन त्रेचाळीसला संपला होता. त्यानंतर चार वाजेपर्यंत माझी सुट्टी होती. मी कामात नव्हते. आत डोकावायला सात पावलं पुरली असती. मी हेडफोन काढलेच नाहीत. गाणी लावली, खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले. आणि गाण्याबरोबर गात होते.

दोन्ही कान झाकलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने गातोय ते कळत नाही. मधलं दार उघडं होतं.

म्हणजे बाबांना माहीत होतं. काम संपलंय, ड्रायव्हर रिकामी बसलीय, गातेय, हे सगळं त्यांना तिथे पडल्या पडल्या ऐकू येत होतं. आणि तरीही त्यांनी डबल बेल दिली असेल, तर मग दादा, मी काय करू?

झालं. सांगून टाकलं.

आज सुट्टी घेतलीय. हेडसेट खणात आहे, हेडफोन समोर टेबलावर पडलेत. मी आतल्या खोलीत पलंगावर बसून मोबाईलवर हे लिहितेय. पेल्यात ताजं पाणी भरलंय.

तीन एकोणचाळीस झालेत.

दोन्ही कान मोकळे आहेत, बाबा...

तीन चाळीस.

शेजारच्या घरातली लहान मुलगी आत्ताच खिडकीशी येऊन म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे बेल वाजतेय."

एकदा की दोनदा, हे तिला विचारायचा धीर होत नाहीये. मला अजूनही काही ऐकू आलेलं नाही.