सुभेदारांचा वायरलेस

“बोंबला! हा तर बोलायचाच बंद झालाय!” हाफीजने वायरलेसला कान लावला. फौजी हिरव्या रंगाच्या त्या जाडजूड पेटीतून नुसती घूंऽऽ घूंऽऽ येत होती.

“काल तर बोलत होता,” त्याची मैत्रीण क्षितिजा म्हणाली.

तिचे आजोबा जाऊन महिना झाला होता. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर ताम्हिणीच्या घरी सहा वर्षं खपून त्यांनी हा जुना सेट दुरुस्त केला होता, तोही मूळ बनावटीला धक्का न लावता. एक नवं भोक नाही की नवा स्क्रू नाही! क्षितिजाला अजून रडू आलं नव्हतं. पोर धीराची आहे, असं सगळे म्हणायचे. धीर कसला! तिला काही वाटतच नव्हतं. आज दुपारी फौजी संग्रहालयाचे जनार्दनराव सेट बघायला येणार होते. एक जरी बदल दिसला, तर ते तो नेणार नव्हते. मग आजोबांची सहा वर्षं थेट भंगारात!

हाफीजच्या अब्बांचं पौडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने पेटीत डोकावून पाहिलं. “हितं बघा! ह्या नळ्या, म्हंजे कंडेन्सर, सगळे मेणकट, अन् हा एकच निळा चकाचक!”

“थांबा, चोर आत्ता धरते,” शेजारची जया म्हणाली आणि ओसरीकडे ओरडली, “अमोलकाका, आतलं काम लई झ्याक झालंय! कुनी केलं?”

क्षितिजाचे काका छाती फुगवून आत आले. “मीच! एक कंडेन्सर पार कळकटला होता. म्हटलं, पाव्हणं येणार, नवा टाकावा!”

“अन् जुना कुटं हाय?”

“उकिरड्यावर!”

तिघंही धावली. चहाचा चोथा, भाजीची देठं, अंड्यांची टरफलं... शेवटी मेणाची ती बोटभर नळी सापडली! हाफीजने एका टोकाचं मेण खरवडलं आणि तो उडालाच. “आत नवाच कंडेन्सर हाय! आजोबांनी जुन्याचं पोट रिकामं करून त्यात नवा बसवला, अन् वरून मेणानं बुजवलं. बाहेरून कळायचं न्हाई!”

क्षितिजाने मान डोलावली. तिला ते कळलं, पण वाटलं काहीच नाही.

फोन गेला तसे अब्बा मोटारसायकलवरून आले. काकांचा निळा चुकीच्या मापाचा निघाला. तो काढून त्यांनी नळीचं टोक पुन्हा मेणानं बुजवलं आणि ती जागेवर जोडली. घूंऽऽ घूंऽऽ थांबली आणि खरखरत बातम्या सुरू झाल्या!

दुपारी जनार्दनरावांनी भिंग लावून अर्धा तास सेट तपासला. मग काका कोपऱ्यातून पुढे आले. त्यांनीच सगळी हकिकत सांगून टाकली.

“शाब्बास, पोरांनो!” जनार्दनराव म्हणाले. “वाचवलात तुम्ही हा सेट! याला कुणाचा हात लागल्याची खूणसुद्धा दिसत नाही.”

“लागलाय!” क्षितिजा एकदम ओरडली. “सगळीकडं आजोबांचाच हात लागलाय!” आणि तिला रडू कोसळलं. महिन्याभराचं सगळं एकदम बाहेर आलं. तिला कुणी गप्प केलं नाही.

जनार्दनरावांनी वही उघडली. “त्यांचं पूर्ण नाव सांग, बाळ. सेटच्या पाटीवर लिहायचंय.”

“सुभेदार भैरू सखाराम मारणे,” हुंदके देत देत तिने सांगितलं.