उरलेले अकरा आवाज

तो खरं तर आला होता दंतवैद्यांचा चष्मा पोचवायला. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, पण आपल्याच तंद्रीत हा गृहस्थ तिसऱ्यावर जाऊन थडकला. दारावर ‘ध्वनिसंग्रह’ अशी पाटी होती. ती वाचून तो तिथेच थांबला आणि त्याच्या छत्रीचं पाणी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर टपटप गळत राहिलं.

“छत्री बाहेर,” संगणकावरची नजर न काढता तिथली संग्रहपाल तरुणी म्हणाली.

“हो... माफ करा. इथे जुने आवाज ठेवतात?”

“ठेवतो. कुणाचा हवाय?”

“आईचा.”

आता मात्र तिने वर पाहिलं.

तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. आई टेलिफोन ऑपरेटर होती. ती गेली तेव्हा हा जेमतेम चार वर्षांचा. घरात तिचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. आणि या संग्रहात तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या साठ टेलिफोन ऑपरेटर बायकांच्या मुलाखती होत्या! फक्त नावांची वही कधीतरी गहाळ झाली होती. उरले होते नुसते नंबर.

“एकेक ऐकावी लागेल,” ती म्हणाली. “इथेच बसून. आणि परवानगी एका दिवसाची.”

“गुरुवारी दुकान बंद असतं.”

“मग गुरुवारी या.”

तो दर गुरुवारी येऊ लागला. सकाळी तिचा प्रोग्राम त्याच्यापुरत्या फाइली उघडायचा, संध्याकाळी पुन्हा बंद करायचा. कुणाला काय ऐकू द्यायचं हे तिच्या हातात, म्हणून खालचा वॉचमन तिला कुलूपताई म्हणे.

“एवढा बंदोबस्त?” त्याने एकदा विचारलं.

“लोकांनी विश्वासाने सांगितलेलं असतं. फाइल वाचायचा अधिकार वेगळा, बदलायचा वेगळा. फोल्डरचं तर अजून निराळं. आत काय काय आहे ती नावं दिसतात, पण आत शिरायचा अधिकार नसेल तर एकही फाइल उघडत नाही.”

“म्हणजे खिडकीतून बघा, पण दारातून येऊ नका. फारच कडक घर आहे तुमचं.”

“ज्याला यायचंय तो विचारतो,” ती म्हणाली, आणि उगाचच टेबलावरचे कागद सारखे करत बसली. तो हसला... पण विचारलं मात्र काहीच नाही.

सात गुरुवार गेले. एकोणपन्नास आवाज ऐकून झाले. त्यांतली एकही ‘माझा नवरा लाइनमन’ म्हणाली नाही, आणि तेवढीच खूण त्याच्याकडे होती. वडिलांना त्याने यातलं काही कळू दिलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला आशा लावायची आणि मोडायची, हे त्याला जमणारं नव्हतं.

आठव्या गुरुवारी मात्र तो वडिलांना हाताला धरून घेऊन आला. दुपारचे तीन वाजले होते.

“बाबांच्या कानामागे गाठ आहे,” तो हळूच म्हणाला. “उद्या सकाळी ऑपरेशन. उजव्या कानाने आधीच ऐकू येत नाही... आणि डावा उद्या जाणार. आज संध्याकाळी सहाला भरती व्हायचंय. अकरा आवाज राहिलेत ना?”

तिने घाईघाईने फोल्डर उघडायला घेतला. नंबरांची यादी समोर आली. तिने पहिल्या नंबरावर टिचकी मारली. परवानगी नाही. दुसऱ्यावर मारली. परवानगी नाही.

तिने प्रोग्राम उघडून पाहिला. काल तिने तो प्रोग्राम नव्याने लिहिला होता. लिहिताना मन उद्याच्या गुरुवारात गुंतलेलं; फाइल कोणती आणि फोल्डर कोणता हे पारखणारी ओळच राहून गेली. फाइलींचा नियम तिने फोल्डरांनाही लावला होता – वाचा, पण आत शिरू नका. आत एक, त्याच्या आत एक, असे सगळेच फोल्डर बंद, आणि त्यांत तिचाही प्रवेश बंद.

दोष यंत्रावर ढकलता आला असता.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मीच बंद करून ठेवलंय सगळं. थांबाल थोडं?”

तो रागावला नाही. वडिलांशेजारी बसून घड्याळाकडे बघत राहिला, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. काल बंद केले तसंच सगळ्यात आतल्या फोल्डरपासून बाहेर उघडत यायचं असं तिने प्रोग्रामला सांगितलं, तर पहिल्याच पावलाला तो अडला. आतल्या दारापाशी पोचायलाच वाट नव्हती! डोळे भरून आले. ते पुसून तिने क्रम उलटा केला. आधी सगळ्यात बाहेरचं दार उघडायचं, मग त्याच्या आतलं, मग त्याच्याही आतलं...

पावणेचारला यादीतला पहिला आवाज बोलला.

वडिलांनी हेडफोन डाव्या कानाशी घट्ट धरला होता. एक बाई झाली, दुसरी झाली. प्रत्येकीला ते मान हलवून नाही म्हणत. नवव्या आवाजाला मान हललीच नाही. नुसते डोळे मिटले.

तिने आवाज खोलीत मोकळा सोडला.

“...आमचे हे लाइनमन. खांबावर चढले की मलाच फोन लावतात, लाइन चालू आहे का बघायला. अहो, लाइन चालूच असते!” आणि मग एक खळाळतं हसू.

तीस वर्षांचा तो बाप्या लहान मुलासारखा रडला. बापाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ती मुलाखत तिघांनी तीनदा ऐकली.

निघायच्या वेळी वडील दारातून माघारी फिरले.

“पोरी, इकडे ये. हा दर गुरुवारी घरी येऊन तुझंच सांगत बसतो. आवाज शोधायला जातो हे मात्र मला आज कळलं.”

“बाबा!” तो कानापर्यंत लाल झाला.

“तू गप्प. आठ गुरुवारांत तुझ्याने हिला विचारवलं नाही.” ते तिच्याकडे वळले. “उद्यापासून लोक मला सगळं कागदावर लिहून दाखवतील. एवढं एक तरी कानाने ऐकू दे. नाही म्हणालीस तरी चालेल. तुझ्या आवाजात असू दे, म्हणजे झालं.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो चष्मा काढून पुसत होता... पुसतच होता.

ती वडिलांच्या डाव्या बाजूला गेली आणि कानाशी वाकली.

“मला आवडतो तुमचा मुलगा,” ती म्हणाली. “फार आवडतो. मी येईन तुमच्या घरी.”

ऐकू आलं होतं त्यांना. तरीही ते म्हणाले, “पुन्हा एकदा सांग.”

तिने पुन्हा सांगितलं.