ठोक्याची वाट बघणारा

लॅबमध्ये सर्किट चालवून बघायचा बोर्ड एकच, आणि वहीत दुपारी तीनच्या वेळेसमोर नावं दोन... माझं, म्हणजे वृषालीचं, आणि दुसरं कुणा उत्कर्षचं. मी तणतणतच आत शिरले. आत बसलेला उत्कर्ष खुर्ची सोडून उभा राहिला.

“बसा की. मला थांबायची सवय हाय.”

“कुठले तुम्ही?”

“ढोकीचा.”

“मी शेजारच्या तेरची. आणि मला थांबायची अजिबात सवय न्हाय!”

तो हसला, आणि खरं सांगते, माझा राग निम्मा तिथंच उतरला. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत कूलरमधून वाळ्याचा ओला वास.

प्रोजेक्टही दोघांचं एकच निघालं, बोअरची मोटार किती वेळ चालली ते मोजणारं सर्किट. त्यानं आपलं चालवून दाखवलं. मी सगळं शून्यावर आणणारं रिसेटचं बटण दाबलं. दिवा विझेचना... सेकंदभरानं विझला.

“हे काय? दाबलं की बंद व्हायला पाहिजे!”

“क्लॉकचा, म्हणजे सर्किटमधल्या घड्याळाचा, ठोका पडला की मगच रिसेट ऐकतं. मी कोडच तसा लिहिलाय. शिस्तीत.”

“शिस्त घाला चुलीत! आणि क्लॉकच बंद पडलं तर? जन्मभर वाट बघत बसणार?”

तो माझ्याकडं बघत राहिला, जरा जास्तच वेळ.

मग माझं लावलं. दाबताक्षणी बंद! मी मिरवणार, तोवर बटण सोडलं आणि चार दिव्यांतले दोन लागले, दोन तसेच. मोजणी सगळी चुकली.

“तुमचं रिसेट ठोका न बघता लागतं, ते बेस हाय,” तो हळूच म्हणाला. “पण सुटतं बी तसंच. ऐन ठोक्याला सुटलं की निम्मे जागे, निम्मे झोपेत.”

पुढं पंधरा दिवस आम्ही तेच जुळवत होतो. लावायचं माझ्यासारखं, झटक्यात. सोडायचं त्याच्यासारखं, ठोक्यावर. त्याची बोटं कीबोर्डवर माझ्या बोटांशेजारी थांबायची, आणि मला स्क्रीनवरची अक्षरं दिसेनाशी व्हायची. मी प्रेमात पडले होते, सरळ सांगते. पण हा बाबा तोंड उघडेल तर शपथ! आणि सोमवारी मला बंगळुरूच्या कंपनीत रुजू व्हायचं होतं.

शनिवारी सर्किट पास झालं. लॅब सांभाळणारे व्यंकटमामा किल्ली घेऊन दारात आले. उत्कर्ष तीच एक वायर तिसऱ्यांदा गुंडाळत होता.

“काही बोलायचंय?” मी विचारलं.

“हाय... पण तुम्ही तिकडं जावा, जम बसू द्या... मग योग्य वेळ बघून...”

“उत्कर्ष! मी उद्या निघाले. आत्ता बोल.”

वायर हातातून सुटली.

“तू मला आवडतीस. लई. पण... मी बोललो आणि तू माझ्यापायी नोकरी सोडलीस तर? म्हणून भ्यालो.”

माझे डोळे भरून आले, आणि रागही आला.

“नोकरी सोडायला मी येडी हाय व्हय? मी जाणार म्हणजे जाणार. आणि तू पण मला आवडतोस. जाऊन काय बदलणार हाय त्यात?”

व्यंकटमामा खाकरले. “मी जरा पाणी पिऊन येतो,” म्हणत ते वळलेसुद्धा.

ते दिसेनासे व्हायच्या आतच उत्कर्षनं माझा हात धरला.