तेवीस तासांचा पट्टा

पाक गियार्तोंचा उजवा हात बधिर झाला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, यात्मीनं, सगळा दोष चहातल्या साखरेवर ढकलला. रक्त तपासलं. साखर एखाद्या शाळामास्तरासारखी मर्यादेत निघाली. हात दुखत नव्हता, सुजलेला नव्हता. बोटं सांगितलेलं काम करत, फक्त त्यांना काही कळत नसे. भाताचा घास तोंडाशी येईपर्यंत निम्मा मांडीवर. डाव्या हातानं जेवावं, तर सोलो शहरात लोक तोंडावर काही बोलत नाहीत, आणि तेच जास्त लागतं.

संध्याकाळी पाच वाजता मात्र हात जागा व्हायचा. बरोबर एक तास. तेवढ्यात ते दिवसभराचं जेवून घेत.

"तुमचा हात सरकारी आहे का, पाक?" यात्मी विचारायची. "ठरलेल्या वेळेतच उघडतो." सोलोत मोठ्या माणसाला मानानं पाक म्हणतात, बाईला बु; बायकोही नवऱ्याला पाकच म्हणते.

गियार्तो सत्तावीस वर्षं एकच काम करत होते. वाढत्या वयात ज्या पोरांचा कणा बाकतो, त्यांच्यासाठी टणक प्लॅस्टिकचे पट्टे बनवायचे. पट्टा कसला, काखेपासून कमरेपर्यंतचं कवचच ते. आतून एका बाजूला उशी असते, ती पाठीचा फुगवटा दाबते. उशीच्या विरुद्ध बाजूला मोठी खिडकी कापलेली, कण्याला सरकायला जागा हवी म्हणून. पट्टा दिवसाचे तेवीस तास घालायचा. चोविसावा तास अंघोळीचा, आणि सोलोत अंघोळ पाच वाजता.

वेनिंग तेरा वर्षांची होती. दीड महिन्यापूर्वी तिचा बाक अडतीस अंश भरला होता, आणि गियार्तोंनी तिला पट्टा बनवून दिला होता. चाळिसाच्या वर गेला तर पाठ उघडून कण्याला सळया लावाव्या लागतील, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आज ती आईबरोबर, बु लास्त्रींबरोबर, तपासणीला आली ती पट्ट्यासकट काढलेला नवा एक्स-रे घेऊन. एकवीस अंश.

"तुमच्या हाताला गुण आहे, पाक," बु लास्त्री म्हणाल्या.

गियार्तो ओशाळं हसले आणि नेहमीप्रमाणे दाब मोजायला बसले. कागदासारख्या पातळ पट्ट्या त्यांनी बनियन आणि प्लॅस्टिकच्या मधे सरकवल्या, एक खिडकीत बनियनवर चिकटवली. जिथे दाब, तिथे संगणकाच्या पडद्यावर लाल. जिथे नाही, तिथे निळं.

उशीच्या जागी निळं होतं.

लाल होतं ते खिडकीत.

तार ढिली असेल म्हणून त्यांनी पट्टी बदलली. तेच. खिडकीतून पेन्सिल घालून बघितली. ती कशालाच अडली नाही. पडद्यावरचा डाग सावकाश ठळक होत गेला. खाली एक गोल, त्याला पाच फाटे.

"इथे काही टोचतं का गं?"

"टोचत नाही. धरतं." वेनिंग मोबाईलवर बॅडमिंटनची मॅच बघत होती. तिनं मान वर केली नाही. "एक बोट आखूड आहे."

गियार्तोंनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. तर्जनीचं वरचं पेर करवतीनं नेलं, त्याला वीस वर्षं झाली होती.

मायलेकी गेल्यावर त्यांनी वेनिंगचा पहिला एक्स-रे कपाटातून बाहेर काढला. कण्याचा एक्स-रे त्यांच्याकडे कायम पाठीमागून बघितल्यासारखा लावत. मुलाची उजवी ती आपली उजवी. यंदा आलेलं नवं यंत्र समोरून दाखवायचं. कोपऱ्यात उजवीची खूण होती. ती त्यांनी बघितली नव्हती. वेनिंगची पाठही धड बघितली नव्हती. सत्तावीस वर्षांनी माणूस पाठ बघत नाही, फोटो बघतो.

उशी उलट्या बाजूला बसली होती. फुगवटा होता तिथे खिडकी होती. या पट्ट्यानं बाक वाढायला हवा होता.

गियार्तो सरळ माणूस. दहा दिवसांत त्यांनी नवा पट्टा बनवला, मायलेकींना बोलावलं आणि म्हणाले, "जुना चुकीचा झाला होता, बु. चूक माझी. हा बरोबर आहे."

नवा पट्टा चढवला. उशीत लाल, खिडकीत निळं, पुस्तकात छापावं असं. गियार्तोंच्या तळहातात प्लॅस्टिकचा भुगा टोचला, टेबलावरच्या चहाच्या ग्लासाचा चटका बसला. त्यांनी हात उघडून बघितला. तळव्यावर बनियनच्या विणीची बारीक जाळी उमटली होती. पँटला पुसली. जायला वेळ लागला.

पुढचे दोन आठवडे ते तिन्ही वेळा पोटभर जेवले. साखर कमी केल्याचं श्रेय यात्मीनं घेतलं.

मग एक्स-रे आला. एकोणचाळीस.

बु लास्त्रींनी फोटो उजेडाकडे धरला. मग अगदी हळू, अगदी अदबीनं म्हणाल्या, "चुकीचा कोणता म्हणालात, पाक? पाठ सरळ करतो तो?"

गियार्तोंनी फोटो पाकिटात परत घातला.

"जुनाच द्या ना," वेनिंग म्हणाली. "नवा नुसता ढकलतो."

"किती दिवस घालावा लागेल?" आईनं विचारलं.

"हाडं पक्की होईपर्यंत. दोन वर्षं." ते थांबले. "थोडं जास्तच."

त्यांनी फळीवरून जुना पट्टा उतरवला. पहिला बंद. बोटांची टोकं गेली. दुसरा बंद. तळवा गेला.

तिसरा बंद त्यांनी डाव्या हातानं आवळला.

दोघी गेल्यावर त्यांनी मोजायची पट्टी टेबलावर पसरली, तिच्यावर उजवा तळहात ठेवला आणि सगळा भार देऊन दाबला.

पडदा निळा.

महिन्याभरानं डॉक्टरांचा फोन आला. "वरचा बाक अठरावर आलाय, पाक. कमाल आहे तुमची! खाली कमरेत दुसऱ्या बाजूला थोडा राहिलाय, पण तोही आता सरळ व्हायला लागलाय."

त्या दिवशी पाचला गियार्तो जेवले. सहाला उजवा हात गेला. यात्मीनं चहा आणला. त्यांनी ग्लास डाव्या हातात घेतला आणि दारातून रस्त्याकडे बघत बसले.

"पाक, खाली ठेवा तो!" यात्मी ओरडली. "आत्ता उकळता ओतलाय."

गियार्तोंनी ग्लासाकडे बघितलं. वाफ येत होती.