पाऊण मिलीमीटर

त्या सकाळी घरामागच्या कामाच्या खोलीत होतं ते एवढं: प्लायवूडची तयार पेटी एक, तिच्यात बसवायचा सर्किट बोर्ड एक, त्याला गार ठेवणारा छोटा पंखा एक, बटणं आठ (त्यांतलं एक उगाचच वेगळ्या रंगाचं), जॉयस्टिक एक, चुंबकं चार, वाया गेलेली झाकणं दोन आणि न कापलेली फळी एक. शिवाय माणसं तीन. त्यांतलं एक रडायच्या बेतात होतं, पण ते मोजणीत धरायचं नाही असं टिकलीने ठरवलं होतं, कारण ते माणूस तीच होती.

"आज मास्तरीण मोजेल," लंबू म्हणाला. लंबू टिकलीचा मोठा भाऊ. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता जांभई देऊन बोलला.

"मी का?" मास्तरीणबाईंनी विचारलं. ही मामाची मुलगी. वर्गात कोणी चुकलं की हात वर करून सांगायची, म्हणून हे नाव.

"कारण हिने दोनदा मोजलं आणि दोनदा घोळ झाला. आता एकच फळी उरली आहे."

सुट्टी लागून टिकली आणि लंबू मामाकडे राहायला आले तेव्हा तिघांचा जुना गेम कन्सोल कपाटावरून पडला. आतला बोर्ड वाचला, बाहेरच्या प्लास्टिकच्या डब्याचे मात्र तुकडे झाले. दुरुस्तीवाला म्हणाला, तसला डबा आता बाजारात मिळायचा नाही. तेव्हा मामीने तिची कामाची खोली उघडून दिली. मामी फर्निचरच्या कारखान्यात नोकरीला होती आणि घरी हौसेने लहानसहान वस्तू बनवायची. यंदा मात्र तिला डबल ड्यूटी लागली होती. तिने तीन पातळ फळ्या दिल्या, करवत कशी धरायची ते दाखवलं, चौथी फळी मागायची नाही म्हणून बजावलं आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

कामं वाटून घेतली होती. कापणं आणि भोकं पाडणं लंबूकडे, वायरी मास्तरणीकडे, मोजणं टिकलीकडे. टिकलीला दुसरं काही धड येत नसे. तिचं अक्षर गिचमिड, धावण्यात ती शेवटून पहिली. पण मोजावं तर टिकलीने, हे शाळेतसुद्धा सगळ्यांना मान्य होतं. आता तेवढंही जाणार होतं.

घोळ झाकणाचा होता. पेटीच्या तोंडाची रुंदी बरोबर एकशे चाळीस मिलीमीटर. झाकण त्यात वरून बसायचं, चार चुंबकांवर, आणि जॉयस्टिक आणि बटणं त्या झाकणावरच. म्हणजे ते घट्ट बसायला हवं, नाहीतर जॉयस्टिक डावीकडे ढकलली की झाकणच डावीकडे जाणार. टिकलीने अर्धा मिलीमीटर मोकळा ठेवून माप दिलं. संध्याकाळी झाकण झकास बसलं. सकाळी बघतात तर ते आत जाईचना! लंबूने कडेवरून रंधा मारला आणि बसवलं. संध्याकाळी तेच झाकण खुळखुळ्यासारखं वाजू लागलं. दुसऱ्या फळीचंही अगदी तेच झालं. नऊ भोकं दोनदा पाडून लंबूच्या तळहाताला फोड आले होते.

ती दोघं तोंड धुवायला गेली. टिकली एकटीच उरली. आपण नेमकं किती चुकलो ते तरी बघावं, म्हणून तिने कालचं खुळखुळणारं झाकण उचलून पेटीवर ठेवलं.

ते गपकन बसलं.

तिने जॉयस्टिकच्या भोकात बोट घालून ते डावी-उजवीकडे ढकललं. हललं नाही. तिने हाका मारल्या. लंबू तोंडावर साबण घेऊनच आला. त्याने झाकण दाबून पाहिलं, उपडं करून पाहिलं, मग विचारलं, "काय केलंस तू?"

"काही नाही. ठेवलं."

"काल ढिलं होतं ना हे? मग फळी काय रात्रीतून जेवून आली?"

मास्तरणीने मध्येच सांगितलं, की लोखंड गरम झालं की वाढतं, हे पुस्तकात आहे. लंबू म्हणाला, हे लाकूड आहे आणि रात्री गार असतं. मास्तरणीने आपलं म्हणणं मागे घेतलं. असं क्वचितच व्हायचं. दार उघडं ठेवून सगळे पसरले. दुपारपर्यंत झाकण पुन्हा खुळखुळू लागलं.

लंबूचं म्हणणं पडलं, की शेवटची फळी कापून टाकावी आणि सुटावं. सगळ्यांनाच कंटाळा आला होता. टिकलीलाही आला होता. पण तिने फळी भिंतीकडे सरकवली आणि तिच्यापुढे मांडी घालून बसली. आधी माझा हात चुकतो का ते बघू, ती म्हणाली, मग व्हर्निअर चुकतो का, आणि मग राहिलं ते लाकूड. व्हर्निअर म्हणजे मामीची ती सरकत्या जबड्यांची पोलादी पट्टी. तिच्यावर मिलीमीटरचा दहावा भागही वाचता येतो.

लंबूने टिकलीकडे पाठ करून एकदा मोजलं, मास्तरणीने एकदा. टिकलीचा आकडा आणि त्यांचे आकडे एकच आले. मग त्यांनी एक पोलादी पाना मोजून ठेवला. दुसऱ्या सकाळी पाना होता तेवढाच होता. पेटीचं तोंड आणि झाकणाची लांबीही होती तेवढीच. रुंदी तेवढी पाऊण मिलीमीटरने वाढली होती.

"म्हणजे ते फक्त आडवं जाड होतं," लंबू म्हणाला. "आपल्या मुख्याध्यापकांसारखं."

टिकलीला हसू आलं नाही. ती लाकडाच्या रेषांकडे बघत होती. रेषा लांबीला समांतर होत्या. रेषांच्या दिशेने लाकूड जागच्या जागी आणि रेषांना आडवं मात्र फुगत होतं. असं आणखी काय फुगतं? मास्तरणीने एकदम हात वर केला, घरात असूनही. बाथरूमचं दार. आंघोळी झाल्या की ते चौकटीत अडकतं.

मग पुढचं सोपं होतं. वाया गेलेल्या पहिल्या झाकणाच्या त्यांनी दोन आडव्या पट्ट्या कापल्या. एक मुलांच्या खोलीत ठेवली, एक कामाच्या खोलीत. सकाळी मुलांच्या खोलीतली पट्टी तशीच होती, कामाच्या खोलीतली पाऊण मिलीमीटरने वाढलेली. त्या खोलीत नळ नाही, मोरी नाही, खिडकीला काच लावलेली. आणि तरी रात्री तिथल्या हवेत कुठून तरी पाणी येत होतं.

त्याच दिवशी मामी ड्यूटीवरून आली आणि दारातच चिडली. अंगावरचा धुतलेला गणवेश झटकत तिने विचारलं, की सकाळी घालतानाच कॉलरला भुसा कसा, पँटच्या खिशात भुसा कसा, तुम्ही पोरं धुण्याच्या बादलीत हात घालता का? तिघांनी शपथा घेतल्या. मामाने वर्तमानपत्र डोळ्यांपुढे जरा उंच धरलं. मामा बस चालवायचा. पहाटे उजाडायच्या आत निघायचा आणि दुपारी येऊन आडवा व्हायचा. धुणं वाळत घालणं आणि काढणं हे घरात त्याच्याकडे होतं.

"भुसा कपड्यांपाशी गेला नाही," मामी आत गेल्यावर टिकली हळूच म्हणाली. "कपडे भुशापाशी आले."

निजण्याआधी त्यांनी कामाच्या खोलीची फरशी झाडून घेतली आणि तिच्यावर बारीक भुसा चाळून एकसारखा पसरला, पिठासारखा. मास्तरणीने दारातून बघून दोन जागा परत चाळायला लावल्या.

सकाळी दार उघडलं तेव्हा तिघंही उंबऱ्यावरच थांबली. भुशात खळगे पडले होते. नाण्याएवढे, गोल, कडा दबलेल्या, थेंब पडल्यासारखे, आणि सगळे एका सरळ रेघेत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. रेघेच्या दोन्ही टोकांना वर भिंतीत मामीचे दोन आकडे होते, करवती टांगायचे. खाली सपातांचे ठसे. उजव्या सपातेची टाच अर्धी झिजलेली.

"ही सपात मी ओळखते," मास्तरीण म्हणाली. "माझ्याच बापाची आहे."

प्लायवूडच्या थप्पीमागे दोरी सापडली, नीट गुंडाळलेली. तिच्यात एक चिमटा अडकून राहिला होता. मग तिघांनी गच्चीवर जाऊन पाहिलं, तर धुण्याच्या दोरीचा ब्रॅकेट असायचा तिथे भिंतीत नुसती भोकं होती.

दुपारी मामा आला, बूट काढले, पाणी प्यायला. टिकलीने त्याला मागे बोलावलं. मामा म्हणाला, डोळा लागू दे, मग येतो. टिकली म्हणाली, झोपताना विचार करायला काहीतरी दाखवते. मामा जांभई देत आला आणि उंबऱ्यावर थांबला.

"उंदीर दिसतोय," तो खळग्यांकडे बघून म्हणाला.

"मामा, उंदीर कपडे धुतात?" लंबूने विचारलं.

"आणि बाबा, त्याला तुमची सपात होते?"

मामा स्टुलावर बसला. टिकलीने त्याला पट्ट्या दाखवल्या, पाना दाखवला, झाकणं दाखवली. सगळं एकामागून एक सांगितलं, आवाज न चढवता. मग मामाही सांगू लागला. गच्चीवरचा ब्रॅकेट भिंतीतून उपटून आला होता, दोरीसकट. मामीने लावून घ्यायला सांगितलं. तो उद्या करतो म्हणाला. असे बरेच उद्या गेले. शेवटी मामीने विचारलं तेव्हा तो दमून भागून आला होता, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, लावला की! मग दुसरं काय करणार? सगळे निजले की कपडे इथे टांगायचे, दार लावून छताचा पंखा सोडायचा आणि निघताना काढून घड्या घालायच्या. पंख्याने कोपऱ्यातला भुसा उडत असेल, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. लाकडाचं तर मुळीच नाही.

"मला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय," मामा म्हणाला.

टिकलीने खाली बघितलं. मग ती म्हणाली, "माझं बिघडलं. मला वाटायला लागलं होतं, की मला मोजता येत नाही."

मामाने हातातली पट्टी खाली ठेवली आणि विचारलं, की मामीला सांगणार का. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते आधीच ठरलं होतं. गच्चीवर शिडी भिंतीला लावलेली होती, ड्रिल मशीनला वायर जोडलेली होती, स्क्रू वाटीत काढून ठेवले होते. ब्रॅकेट आज लागला तर सांगायची गरजच पडणार नाही.

"तुम्ही मला झोपू देणार नाही," मामा म्हणाला आणि उठला. पण उजवा हात खांद्याच्या वर नेताना त्याचं तोंड वाकडं झालं. स्टिअरिंग फिरवून फिरवून खांदा भरून आला होता. हेही त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मग लंबू शिडीवर चढला, मामाने शिडी धरली, मास्तरणीने सूचना दिल्या आणि भोकं कुठे पाडायची त्या खुणा टिकलीने मोजून दिल्या. लंबूने विचारलं नाही, की बरोबर आहेत ना. नुसतं ड्रिल लावलं.

मामी आली तेव्हा दोरी ताणून व्हायची होती. ती पिशवी खांद्याला तशीच ठेवून बघत राहिली.

"हा तर कधीच लावलाय म्हणत होतास ना?"

मामा म्हणाला, "लावत होतो. जरा वेळ लागला."

मामी गच्चीवरून खाली उतरली. ती कामाच्या खोलीत गेली, भुसा पाहिला, दोन्ही पट्ट्या उचलल्या, स्वतः व्हर्निअर लावून मोजल्या, पाना कशाला ते टिकलीला विचारलं आणि मग तिथेच बाकावर बसली. लाकूड दमट हवेत रेषांना आडवं फुगतं, हे सुताराच्या हाताखालच्या पोरालाही पहिल्या आठवड्यात सांगतात, ती म्हणाली. तिने सांगायला हवं होतं. दमली होती, राहून गेलं. कारखान्यात झाकण अडकलं की लोक आधी रंधा शोधतात. पाना मोजून ठेवायचं अजून कुणाला सुचलेलं तिने पाहिलं नव्हतं.

"छान काम केलंत," ती म्हणाली. "मोजायचं काम हिच्याकडेच राहू दे."

लंबूने शेवटची फळी टिकलीपुढे सरकवली, वर पेन्सिल ठेवली आणि तळहातावरच्या फोडांवर फुंकर घालत बसला.

खोली सुकू दिली, फळीही सुकू दिली, आणि मगच टिकलीने खुणा केल्या. झाकण कापून झाल्यावर मामीच्या सांगण्यावरून वरून, खालून, कडांना आणि नऊही भोकांच्या आतून पॉलिशचे तीन हात दिले, म्हणजे लाकडाला हवेतलं पाणी सहज पिता येणार नाही. मास्तरणीने वायरी जोडल्या, वेगळ्या रंगाचं बटण मुद्दाम मधोमध बसवलं. खेळायला मात्र कुणी बसलं नाही. मास्तरीण खुर्चीतच झोपली होती आणि लंबू फरशीवर.

टिकलीने निजण्याआधी झाकणाची रुंदी मोजली. सकाळी उठल्यावर, तोंडही न धुता, पुन्हा मोजली.

संध्याकाळी १३९.४. सकाळी १३९.५.