शेवटचं सेव्ह : फणींद्र

अमीरपेटच्या त्या नेटवर्किंगच्या क्लासात हिमबिंदूला फणींद्र पहिल्यांदा भेटला, तो तिच्या स्वतःच्या पडद्यावर. शनिवारी सकाळी तिने संगणकांना जोडणारा आपला सरावाचा स्विच उघडला, तर स्वच्छ लिहिलेलं – शेवटचं सेव्ह काल ५:५२, फणींद्र. आणि ती तर सव्वापाचलाच मेट्रोत बसली होती!

तिने मान वळवली. स्विच रचलेल्या रॅकपलीकडचा कुरळ्या केसांचा मुलगा तिच्याकडेच बघत होता... आणि पकडला गेल्यासारखा पटकन खाली बघू लागला. झालं, मनात पाल चुकचुकली.

सोमवारी सराव परीक्षा होती. पहिल्या येणाऱ्या एकालाच क्लास नोकरीच्या मुलाखतीला पाठवणार होता. काम एकच – दहा नंबरच्या व्हीलॅनचा, म्हणजे जाळ्यातल्या एका गटाचा, रूट स्विच वेगळा, वीसचा वेगळा. म्हणजे स्विचच्या त्या गोतावळ्यात कुठे कारभारी कोण, हे ठरवून द्यायचं. हा आपली उत्तरं ढापतोय, दुसरं काय!

चहाच्या टपरीवर तिने त्याला गाठलंच. "माझ्या स्विचमध्ये काय शोधतोस रे?"

"काही नाही... म्हणजे – बिस्कीट घे ना. उस्मानिया आहे."

"विषय बदलू नकोस. माझ्या स्विचचा पासवर्ड कुणी सांगितला?"

"टाइप करताना तू ओठ हलवतेस." त्याचे कान लाल झाले.

म्हणजे हा ओठांकडे बघतो! तिला राग आला, रागाच्या आत गुदगुल्या झाल्या, आणि त्या गुदगुल्यांचा तर फारच राग आला. त्याच दिवशी तिने पासवर्ड बदलला.

सोमवारी सगळं झटपट उरकून ती हात झाडत होती. सर बटणाकडे निघाले. रॅकची वीज बंद करून चालू करायची आणि मगच तपासायचं, ही तिथली रीत. सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जायचं, आणि सर्वांत जुना स्विच आपोआप कारभारी होऊन बसायचा.

"हिमा, सेव्ह कर!" फणींद्र ओरडला.

तिची बोटं धावली. वीज गेली, आली. तिचे दोन्ही रूट जागच्या जागी होते.

"फणींद्र, बाहेर," सर म्हणाले. "परीक्षेत बोललास, शून्य."

जिन्यात ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "म्हणजे रोज तू..."

"रोज विसरतेस. सहाला पुढच्या बॅचसाठी वीज घालवतात. तुझी मेहनत पुसली जाणार... बघवेना."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू शिकली असतीस. मग संध्याकाळी मी काय करायचं?"

"गप्प बसला असतास तर मुलाखत तुझी होती, वेड्या."

"हो ना," तो हसला.

तिचं रडू फुटायच्या बेतात होतं. "मी तुला चोर समजले. नवा पासवर्डही 'चोरफणी' ठेवला. आत्ता जाऊन बदलते."

"राहू दे. त्यात माझं नाव तरी आहे."

"आणि तुझा पासवर्ड काय आहे?"

त्याने नुसतेच ओठ हलवले... हळूहळू, तिला वाचता येईल असे. तिचंच नाव होतं ते.